डाळीतलं प्रोटीन खरंच 'अर्धवट' असतं का? पिठलं-भाकरीचा हिशेब नेमका काय सांगतो

'डाळ म्हणजे प्रोटीन नाही, डाळ म्हणजे कार्ब्ज.' 'शाकाहारी लोकांचं प्रोटीन इनकम्प्लिट असतं.' 'भात-वरण खाऊन बॉडी बनत नाही भावा.' इन्स्टाग्रामवर फिटनेसची दोन-चार रील्स बघितली की अल्गोरिदम अशा वाक्यांचा रतीबच सुरू करतं. त्याच्या दुसऱ्या टोकाला फॅमिली ग्रुपवरचे फॉरवर्ड असतात. आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं, खिचडी हे जगातलं परिपूर्ण अन्न आहे, परदेशी शास्त्रज्ञही थक्क झालेत, वगैरे वगैरे.

दोन्हीकडे थोडं थोडं खरं आहे. पण त्यातलं खरं कुठे संपतं हे कळायचं असेल तर आधी 'कम्प्लिट' आणि 'इनकम्प्लिट' हे शब्द आले कुठून, ते बघावं लागतं. कारण हे शब्द जिममधून आलेले नाहीत. ते आले उंदरांच्या पिंजऱ्यातून, आणि त्याच्याही आधी पॅरिसमधल्या गरिबांच्या सूपमधून.

आधी मूळ मुद्दा

प्रोटीन म्हणजे प्रथिन ही एकच एक वस्तू नाही. ती एक माळ आहे आणि तिचे मणी म्हणजे अमिनो ॲसिड. आपल्या शरीरातली प्रथिनं अशा २० प्रकारच्या मण्यांपासून बनतात. त्यातले काही मणी शरीर स्वतः तयार करू शकतं. ९ मणी मात्र त्याला तयार करता येत नाहीत किंवा पुरेसे करता येत नाहीत. ते अन्नातूनच मिळवावे लागतात. त्यांना 'अत्यावश्यक' अमिनो ॲसिड म्हणतात. लायसिन, मिथिओनिन, ट्रिप्टोफॅन, ल्युसिन ही त्यातली नेहमी कानावर पडणारी नावं.

एखाद्या पदार्थात हे नऊच्या नऊ मणी शरीराला लागतात त्या प्रमाणात असतील तर ते 'कम्प्लिट' प्रोटीन. अंडी, दूध, मासे, मटण, चिकन या यादीत येतात. वनस्पतींपैकी सोयाबीन त्यांच्या जवळपास पोहोचतं. बाकी धान्यं आणि डाळींमध्ये एखादा मणी कमी पडतो, म्हणून त्यांना 'इनकम्प्लिट' म्हटलं जातं.

इथेच पहिली गफलत होते. 'इनकम्प्लिट' ऐकलं की वाटतं, त्या पदार्थात काहीतरी नाहीच. प्रत्यक्षात गहू, ज्वारी, तांदूळ, तूर, मूग, हरभरा या सगळ्यांत नऊही अत्यावश्यक अमिनो ॲसिड असतात. एखाद्याचं प्रमाण कमी असतं, एवढंच. 'अर्धवट' पेक्षा 'असमतोल' हा शब्द जास्त बरोबर ठरला असता, पण तो रीलमध्ये चालला नसता.

मग खऱ्या अर्थाने अर्धवट, म्हणजे एखादा मणी मुळातच गायब असलेलं प्रोटीन कुठलं? ते शाकाहारी नाहीच. ते आहे जिलेटिन.

हाडांच्या सूपची गोष्ट

फ्रेंच राज्यक्रांतीनंतरच्या काळात पॅरिसमध्ये गरिबांना खायला काय घालायचं हा मोठा प्रश्न होता. मांस महाग होतं, पण हाडं भरपूर होती. हाडं उकळून त्यातून जिलेटिन काढायचं आणि त्याचं सूप रुग्णालयांत आणि गरिबांना वाटायचं, अशी कल्पना पुढे आली. कागदावर ती उत्तम होती. जिलेटिन जवळजवळ शुद्ध प्रथिन असतं आणि हाडं तर फुकटच पडलेली.

पण सूप पिणाऱ्यांच्या तक्रारी थांबेनात. शेवटी फ्रेंच विज्ञान अकादमीने समिती नेमली. शरीरक्रियाशास्त्रज्ञ फ्रान्स्वा माझांदी तिचे प्रमुख होते. कुत्र्यांवर बरीच वर्षं प्रयोग चालले आणि १८४१ मध्ये अहवाल आला. निव्वळ जिलेटिनवर जनावर तगत नाही, असा त्याचा अर्थ होता. का तगत नाही, ते त्या वेळी कुणालाच सांगता आलं नाही. आज सांगता येतं. जिलेटिनमध्ये ट्रिप्टोफॅन हा मणीच नसतो.

ही जुनी गोष्ट आज सांगायचं कारण तुमच्या फीडमध्येच आहे. त्वचा, केस आणि सांध्यांसाठी विकली जाणारी कोलॅजन पावडर म्हणजे त्याच हाडं-कातड्यातल्या प्रथिनाचं तुकडे केलेलं रूप. डब्यावर 'प्रोटीन १० ग्रॅम' असं लिहिलेलं असू शकतं आणि ते खोटंही नसतं. पण प्रथिनाची गुणवत्ता मोजण्याची जी जगभर वापरली जाणारी पद्धत आहे, त्यात कोलॅजनला शून्य गुण मिळतात. त्वचेसाठी घ्यायची की नाही, हा वेगळा विषय. पण ती पावडर दिवसाच्या प्रोटीनच्या हिशेबात धरणं म्हणजे स्वतःचीच फसवणूक.

ही फसवणूक जिवावरही बेतली आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेत 'लिक्विड प्रोटीन' डाएटची लाट आली होती. दिवसभर जेवायचं नाही, फक्त हे द्रव प्रोटीन प्यायचं. त्यातली बरीचशी उत्पादनं कोलॅजन-जिलेटिनपासून बनवलेली होती. वजन झपाट्याने उतरायचं. मग हृदयाचे ठोके बिघडून होणाऱ्या मृत्यूंच्या बातम्या येऊ लागल्या, आणि पन्नासहून अधिक मृत्यूंची सरकारी यंत्रणांनी चौकशी केली. त्यात दोष एकट्या जिलेटिनचा नव्हता. अतिशय कमी कॅलरी आणि क्षारांची कमतरता यांचाही हात होता. पण 'प्रोटीन म्हणजे प्रोटीन, कुठलंही चालतं' हा समज किती महागात पडू शकतो, ते यातून दिसलं.

उंदीर, आणि मग विद्यार्थी

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत थॉमस ऑस्बोर्न आणि लाफायेट मेंडेल या जोडीने वेगवेगळ्या धान्यांमधली प्रथिनं वेगळी काढून ती उंदरांना खाऊ घातली. मक्यातलं झेइन नावाचं प्रथिन खाणारे उंदीर खंगत गेले. त्यांच्या अन्नात ट्रिप्टोफॅन घातल्यावर ते तगले, पण वाढेनात. सोबत लायसिन घातलं आणि ते वाढू लागले. गव्हातल्या ग्लायडिन या प्रथिनावर उंदीर जगायचे, पण खुरटलेले राहायचे. जगणं आणि वाढणं यांसाठी लागणारं प्रथिन सारखं नसतं, हे यातून पहिल्यांदा स्पष्ट झालं. लहान मुलांच्या आहाराबद्दल बोलताना आजही हाच मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे.

पुढे इलिनॉय विद्यापीठात विल्यम रोज यांनी १९३० च्या दशकात थ्रिओनिन हे शेवटचं अत्यावश्यक अमिनो ॲसिड शोधून काढलं. त्यानंतर त्यांनी माणसांवर प्रयोग केले. माणसं म्हणजे त्यांचेच तरुण विद्यार्थी. या मुलांच्या जेवणात नेहमीचं प्रथिन नसायचं, त्याऐवजी शुद्ध अमिनो ॲसिडचं मिश्रण असायचं. मग त्यातून एकेक अमिनो ॲसिड काढून बघायचं. गरजेचं अमिनो ॲसिड काढलं की काही दिवसांत मुलांची भूक मरायची, अंगात त्राण राहायचं नाही, चिडचिड व्हायची. ते परत दिलं की सगळं पूर्ववत. रोज यांच्या यादीत प्रौढांसाठी ८ नावं होती. नववं, हिस्टिडिन, नंतर जोडलं गेलं. जुन्या पुस्तकांत आठ आणि नव्या पुस्तकांत नऊ दिसतात, ते यामुळे.

भाकरीत काय कमी, डाळीत काय कमी?

आता आपल्या ताटाकडे येऊ. ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ, नाचणी या सगळ्या तृणधान्यांत लायसिन कमी असतं. डाळी आणि कडधान्यांत लायसिन भरपूर, पण मिथिओनिन कमी. आणि मिथिओनिन तर धान्यात बऱ्यापैकी असतं. एकाचं उणं दुसरा भरून काढतो. वरण-भात, पिठलं-भाकरी, डाळ-रोटी, इडली-सांबार, मटकीची उसळ आणि पोळी या सगळ्या जोड्यांमागचं गणित हेच.

मग पूर्वजांना लायसिन माहीत होतं का? नव्हतं. घरात भाजी नसली, पाहुणा अचानक आला किंवा महिनाअखेर आली की डब्यातलं बेसन काढून पिठलं घालायचं, एवढंच साधं कारण होतं. जे स्वस्त होतं, टिकत होतं आणि आपल्या जमिनीत पिकत होतं, ते ताटात आलं. त्याचं पोषणमूल्य चांगलं निघालं, ही आनंदाची गोष्ट. पण त्याला शास्त्राचा मुलामा द्यायची गरज नाही. कारण मग पुढचा प्रश्न विचारायचा राहून जातो, तो म्हणजे ताटात डाळ नेमकी किती?

तो हिशेब करून बघू. ५५ किलो वजनाची एक महिला घ्या. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या, म्हणजे हैदराबादच्या 'एनआयएन'च्या २०२० च्या शिफारशीनुसार तिला दिवसाला साधारण ४६ ग्रॅम प्रथिनं लागतात. लायसिनची गरज किलोमागे ३० मिलिग्रॅम धरली, तर दिवसाला १,६५० मिलिग्रॅम.

ती दिवसभरात ३०० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या, म्हणजे चार-पाच भाकऱ्या खाते असं समजा. ज्वारीत शेकडा १० च्या आसपास प्रथिनं, म्हणजे ३० ग्रॅम झाली. आकडा वाईट नाही. पण ज्वारीच्या एक ग्रॅम प्रथिनात लायसिन जेमतेम २३ मिलिग्रॅम असतं. एकूण झालं ६९० मिलिग्रॅम. गरजेच्या निम्म्याहूनही कमी.

आता त्यात ५० ग्रॅम बेसनाचं पिठलं घाला. प्रथिनं ११ ग्रॅमने वाढली आणि लायसिन सुमारे ७०० मिलिग्रॅमने. म्हणजे ५० ग्रॅम बेसनाने ३०० ग्रॅम ज्वारीइतकं लायसिन आणलं. तरीही बेरीज १,४०० च्या जवळपासच राहते. एक कप दूध किंवा तेवढ्या दुधाचं दही घेतलं की आणखी सुमारे ५०० मिलिग्रॅम मिळतात आणि आकडा १,९०० वर जातो. त्यातलं सगळं काही पचत नाही. ज्वारीचा तर खास स्वभाव असा की शिजवल्यावर तिच्यातलं काही प्रथिन पचायला आणखी अवघड होतं. ती वजाबाकी केली की हिशेब कसाबसा जुळतो.

म्हणजे पिठलं-भाकरी 'कम्प्लिट' आहे का? आहे, पण पिठलं पुरेसं असेल तर आणि सोबत वाटीभर दही असेल तर. निव्वळ भाकरी आणि ठेचा असेल तर नाही.

चार भाकऱ्या कालपर्यंत पुरत होत्या

या हिशेबात एक आकडा असा आहे की तो बदलला तर सगळं चित्र बदलतं. लायसिनची गरज किलोमागे ३० मिलिग्रॅम. १९८५ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींमध्ये हाच आकडा प्रौढांसाठी १२ होता. त्या हिशेबाने वरच्या महिलेला दिवसाला ६६० मिलिग्रॅम लायसिन पुरायला हवं होतं. चार-पाच भाकऱ्यांतून ६९० मिळतं. म्हणजे कागदावर तिचं सगळं ठीक चाललं होतं, डाळ नसली तरीही!

हा आकडा बदलण्यात भारताचा थेट वाटा आहे. अमेरिकेतल्या एमआयटीमधले व्हर्नन यंग यांना जुना आकडा फार कमी वाटत होता. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. अनुरा कुरपाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यंग यांच्यासोबत भारतीयांवरच ही गरज मोजली. शरीरात अमिनो ॲसिड किती जळतं, याचा चोवीस तास माग ठेवणारी नवी पद्धत त्यांनी वापरली. उत्तर ३० च्या आसपास आलं. जागतिक आरोग्य संघटना, अन्न आणि कृषी संघटना आणि संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालाने ३० हाच आकडा स्वीकारला.

अडीच पट फरक. आणि त्याचा फटका बसतो तो मुख्यतः धान्यावर पोट भरणाऱ्यांना. अंडी, मासे, दूध रोज खाणाऱ्याला १२ काय आणि ३० काय, फरक पडत नाही.

एकाच ताटात खावं लागतं का?

नाही. हा गैरसमज पसरवणाऱ्या व्यक्तीनेच तो नंतर मागे घेतला आहे.

१९७१ मध्ये अमेरिकेत फ्रान्सिस मूर लापे यांचं 'डाएट फॉर अ स्मॉल प्लॅनेट' हे पुस्तक आलं आणि तुफान खपलं. जनावरांना धान्य घालून मांस पिकवण्यापेक्षा माणसांनीच ते धान्य खावं, असा त्यांचा मुद्दा होता. शाकाहाराने प्रथिनं कमी पडतील ही भीती घालवण्यासाठी त्यांनी कुठल्या धान्याबरोबर कुठलं कडधान्य किती खायचं, हे बारकाईने मांडलं. त्यातून लोकांनी असा अर्थ काढला की शाकाहारी माणसाने प्रत्येक जेवणात तराजू घेऊन बसायला हवं. १९८१ च्या आवृत्तीत लापे यांनी मोकळेपणाने कबूल केलं की मांसाशिवाय प्रोटीन मिळत नाही ही समजूत खोडायला गेलो आणि प्रोटीन जमवणं फार किचकट असतं ही दुसरी समजूत आपणच पक्की केली.

शरीरात अमिनो ॲसिडचा एक फिरता साठा असतो. आतड्यात पाझरणारे पाचकरस, झडणाऱ्या पेशी यांतूनही त्यात भर पडत असते. सकाळच्या पोह्यांत जे कमी पडलं ते दुपारच्या उसळीतून भरून निघू शकतं. यंग आणि पीटर पेलेट यांनी १९९४ मध्ये वनस्पती प्रथिनांचा सविस्तर आढावा घेतला, त्यातही एकाच जेवणात जोड्या जुळवण्याची गरज नाही हेच म्हटलं आहे. दिवसभराचा हिशेब जुळला की झालं. पण दिवसभराचा. सोमवारी डाळ आणि मग थेट रविवारी चिकन, असा नाही.

काही उपगैरसमज

शेंगदाणे हे कडधान्याच्या कुळातले, त्यात प्रथिनंही शेकडा २३-२४. म्हणून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी म्हणजे पिठलं-भाकरीच, असं वाटू शकतं. तसं नाही. शेंगदाण्यात लायसिन डाळींच्या मानाने जवळपास निम्मंच असतं. तिळाचंही तेच. चटणी जरूर खा, चवीला तिच्यासारखं काही नाही. फक्त तिला डाळीच्या जागी बसवू नका.

मोड आणले की प्रोटीन दुप्पट होतं, असं सर्रास सांगितलं जातं. होत नाही. भिजवल्याने, मोड आणल्याने आणि शिजवल्याने पचनात अडथळा आणणारे काही घटक कमी होतात, हा फायदा खरा. पण १०० ग्रॅम मोड आलेल्या मटकीत १०० ग्रॅम कोरड्या मटकीपेक्षा प्रथिनं कमीच असणार, कारण तिच्यात पाणी शिरलेलं असतं.

याच पाण्याने डाळीच्या बाबतीतही घोटाळा होतो. '१०० ग्रॅम तूरडाळीत २२ ग्रॅम प्रोटीन' हा आकडा कोरड्या डाळीचा. घरातल्या पातळ वरणाच्या वाटीत २० ग्रॅम डाळ असेल, तर प्रथिनं साडेचार ग्रॅमच्या आसपासच. रीलवाला 'डाळीत प्रोटीन नाही' म्हणतो तेव्हा तो चुकीचा असतो, पण 'तुमच्या वाटीत डाळच फारशी नाही' असं म्हणाला असता तर त्याच्याशी वाद घालणं अवघड होतं.

आणि किन्वा? त्यात लायसिन चांगलं असतं, म्हणूनच तो 'कम्प्लिट' म्हणून मिरवतो. वनस्पतीच्या नात्याने त्याच्या जवळचा असलेला राजगिराही लायसिनच्या बाबतीत ज्वारी-गव्हाच्या कितीतरी पुढे आहे. उपवासाच्या दिवशीच त्याची आठवण व्हावी, हे जरा अन्यायाचंच.

प्रश्न नेमका कुणाचा?

जिमला जाणाऱ्या, दूध-पनीर-अंडी परवडणाऱ्या तरुणाला अमिनो ॲसिडची चिंता करायचं फारसं कारण नाही. एनआयएनच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शक तत्त्वांनी तर शरीर कमावण्यासाठी प्रोटीन सप्लिमेंट टाळा असं स्पष्टच सांगितलं आहे. चिंता करायची ती ज्यांच्या ताटात धान्यच जास्त आहे त्यांची.

या वादाला महाराष्ट्राचा जुना संदर्भ आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे हे संख्याशास्त्रज्ञ अनेक वर्षं रोममध्ये अन्न आणि कृषी संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते. १९५० आणि ६० च्या दशकात जगभर 'प्रोटीनची दरी' हा परवलीचा शब्द होता. गरीब देशांना प्रोटीनची पावडर, खास बिस्किटं पुरवा, असा सूर होता. सुखात्मे यांनी भारतातल्या आहार पाहण्यांचे आकडे मांडून दाखवलं की ज्यांना प्रथिनं कमी पडतात, त्यातल्या बहुतेकांना मुळात अन्नच कमी पडतंय. पोटाला ऊर्जा पुरली नाही तर शरीर खाल्लेलं प्रथिनही सरपणासारखं जाळतं. अशा माणसाला आधी पोटभर जेवण हवं, डबा नव्हे. एनआयएनचे डॉ. सी. गोपालन यांचाही कल तसाच होता.

सुखात्मे यांचा मुद्दा आजही खरा आहे. पण लायसिनचा आकडा १२ वरून ३० वर गेल्यावर 'पोटभर' या शब्दात 'काय' हाही प्रश्न आला. अन्न सुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबातल्या माणसाला महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, ते गहू-तांदूळ. त्यात डाळ नाही. कोविडच्या काळात, २०२० मध्ये काही महिने कुटुंबामागे १ किलो डाळ किंवा हरभरा दिला गेला, मग ते थांबलं. महाराष्ट्रात २०२२ च्या दिवाळीपासून 'आनंदाचा शिधा' सुरू झाला तेव्हा त्यात रवा, साखर आणि तेलासोबत १ किलो चणाडाळ होती. पण तो शिधा सणासुदीचा, रोजचा नव्हे. उरलेली डाळ बाजारभावाने घ्यायची, आणि तूरडाळ महागली की गरीब घरात पहिली पातळ होते ती आमटीच.

वाढत्या मुलांसाठी हे अधिक गंभीर आहे. त्यांना उंदरांच्या भाषेत नुसतं तगायचं नसतं, वाढायचं असतं. शाळेतल्या पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम धान्य आणि २० ग्रॅम डाळ मिळावी असा केंद्राचा निकष आहे. या २० ग्रॅम डाळीतून येणारं लायसिन १०० ग्रॅम तांदळातून येणाऱ्या लायसिनइतकंच, सुमारे ३०० मिलिग्रॅम असतं. म्हणजे शाळेच्या पातेल्यात डाळ निम्मी पडली तर मुलाच्या वाट्याचं लायसिन पाव हिश्शाने घटतं. भात तेवढाच वाढला जातो आणि पोटही भरतं, त्यामुळे हे कुणाच्या लक्षात येत नाही.

एका अंड्यात याच्या दीडपट, साधारण ४५० मिलिग्रॅम लायसिन असतं. महाराष्ट्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं आणि न खाणाऱ्यांना केळी किंवा फळ द्यायचा निर्णय घेतला होता. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा सरकारी निधी थांबला. अंडं द्यायचं असेल तर शाळांनी लोकसहभागातून पैसे उभे करावेत, असं ठरलं.

घरात काय बघायचं?

एनआयएनच्या शिफारशीत धान्य, डाळ आणि दूध यांचं प्रमाण ३ : १ : २.५ असं सांगितलं आहे. मोजमाप कोरड्या धान्या-डाळीचं. म्हणजे घरात महिन्याला १२ किलो गहू-तांदूळ-ज्वारी संपत असेल, तर डाळी आणि कडधान्यं मिळून ४ किलो संपायला हवीत आणि १० लिटरच्या आसपास दूध. किराणा मालाची यादी काढून एकदा ताडून बघायला पाच मिनिटं पुरतात. बऱ्याच घरांत डाळीचा आकडा निम्म्यावर अडकलेला दिसेल. अंडी, मासे किंवा चिकन नियमित असेल तर दुधा-डाळीचा ताण तेवढा कमी होतो. निव्वळ धान्यावर भर असेल, तर मात्र एनआयएननेच किलोमागे ०.८३ ऐवजी १ ग्रॅम प्रथिन धरायला सांगितलं आहे.

घरातल्या वयस्कर माणसांकडे वेगळं लक्ष द्यावं लागतं. दात गेले की कडधान्य चावत नाही, रात्री 'काही नको, चहा-बिस्किट पुरे' असं सुरू होतं. चहा-बिस्किट, चहा-खारी, तांदळाची पेज या सगळ्यात धान्यच आहे. त्याच पेजेत मूठभर मूगडाळ शिजवली किंवा रात्रीच्या भातावर घट्ट वरण आणि दही वाढलं तर चावायचा प्रश्न येत नाही. किडनीचा आजार असलेल्यांनी मात्र प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारायलाच हवं, मग ती डाळीतली असोत की डब्यातली.